वर्गाबाहेरचा शिक्षक : साने गुरुजींच्या बालवाङ्मयाची जडणघडण

मराठी बालवाङ्मयाच्या इतिहासाकडे दृष्टिक्षेप टाकला असता एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. हे वाङ्मय जन्माला आले तेच मुळी शाळेच्या गरजेतून. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘बाळमित्र’ आणि ‘इसपनीतिकथा’ ही भाषांतरे १८२८ च्या सुमारास मुंबईत सिद्ध झाली, ती नव्या शाळांतील मुलांच्या हाती वाचनासाठी काही असावे म्हणून. शिक्षणखात्यात नोकरी केलेल्या विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ मासिक सुरू केले. तेव्हापासून आजतागायत शिक्षकी पेशातून बाललेखनाकडे वळलेल्यांची परंपरा अखंड आहे. २०२३ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार ‘छंद देई आनंद’ या संग्रहासाठी एकनाथ आव्हाड यांना मिळाला. मुंबई महानगरपालिकेच्या शाळेत अध्यापन करणारे हे कवीही याच परंपरेतले होत.

परंपरा एवढी दीर्घ असूनही आपल्या समीक्षेने तिच्याकडे बहुधा एका ठरावीक आक्षेपाच्या स्वरूपातच पाहिले आहे. शिक्षक लिहू लागला की तो उपदेश करतो. त्याच्या पुस्तकाला खडूचा वास येतो. कथा संपते आणि तात्पर्य उरते, असा हा आक्षेप. त्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? परंतु शिक्षक असणे हीच लेखकाची उणीव मानली, तर ज्या पुस्तकाने मराठी वाचकाच्या बालपणावर सर्वाधिक काळ अधिराज्य केले त्या ‘श्यामची आई’ची उपपत्ती लावता येत नाही. पांडुरंग सदाशिव साने हे सहा वर्षे शाळेत शिक्षक होते आणि पुढे आयुष्यभर ‘गुरुजी’ या संबोधनानेच ओळखले गेले. त्यांच्यातील शिक्षकाने त्यांच्यातील लेखकाला काय दिले, आणि कोठे त्याचा हात धरून ठेवला, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी दापोलीजवळच्या पालगड गावी झाला. पालगड, दापोली, औंध, पुणे असे त्यांचे शिक्षण ओढग्रस्तीत झाले. एम. ए. नंतर १९२४ मध्ये अमळनेरच्या शाळेत, म्हणजे पुढे प्रताप हायस्कूल म्हणून ओळखल्या गेलेल्या विद्यालयात, ते शिक्षक म्हणून रुजू झाले. शाळेच्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. १९३० च्या कायदेभंगाच्या चळवळीत त्यांनी नोकरी सोडली. चरित्रपर लेखनात हा भाग सामान्यतः दोन-चार परिच्छेदांत आटोपला जातो, कारण पुढे स्वातंत्र्यलढा, तुरुंगवास, पंढरपूरचे उपोषण अशा मोठ्या घटना येतात. आपल्या दृष्टीने मात्र हीच सहा वर्षे निर्णायक होत.

आता या सहा वर्षांत दोन निरनिराळे शिक्षक आहेत, हे लक्षात घ्यावयास हवे. एक वर्गातला आणि दुसरा छात्रालयातला. वर्गातल्या शिक्षकापुढे अभ्यासक्रम असतो, घंटा असते, परीक्षा असते. तो आणि मुले यांच्यामध्ये टेबल असते. छात्रालयातल्या शिक्षकापुढे यांपैकी काही नसते. मुलगा आजारी पडला, घरच्या आठवणीने रडला, कोणाशी भांडला, की त्याला रात्री त्याच्या उशाशी बसावे लागते. मुलांच्या खोल्या गुरुजी स्वतः झाडीत, त्यांचे कपडे धूत, हे त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढे वारंवार सांगितले आहे. ही हकीकत आपण संतचरित्रातील प्रसंगासारखी ऐकतो आणि हात जोडून मोकळे होतो. वाङ्मयीन दृष्ट्या तिचा अर्थ वेगळा आहे. येथे शिक्षकाने आईचे काम पत्करलेले आहे. पुढे ज्या पुस्तकात आईने शिक्षकाचे काम केले, त्या पुस्तकाची बीजे या अदलाबदलीत आहेत.

छात्रालयातच गुरुजींनी ‘छात्रालय दैनिक’ सुरू केले. हे दैनिक हस्तलिखित होते आणि वाचक मोजके, रोज समोर वावरणारे. १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ हे छापील मासिक निघाले. लेखक म्हणून त्यांची उमेदवारी येथे झाली. हस्तलिखित दैनिकाची शिस्त कडक असते: काल लिहिलेले मुलांनी वाचले की नाही, हे आज सकाळी त्यांच्या चेहऱ्यावरून कळते. कंटाळलेल्या वाचकाची दाद इतक्या तातडीने आणि इतक्या निष्ठुरपणे मिळण्याची सोय कोणत्याही नियतकालिकात नाही. (आपल्या महाविद्यालयांच्या भित्तिपत्रिकांची आज जी अवस्था आहे, ती पाहता याविषयी अधिक न बोललेले बरे.) गुरुजींच्या गद्यातील छोटी वाक्ये, संबोधने, मध्येच विचारलेला प्रश्न, पुन्हा मागे जाऊन धरलेला धागा ही सारी लक्षणे ज्याला श्रोता दिसतो आहे अशा लेखकाची आहेत.

या संदर्भात आणखी एका घटनेकडे लक्ष वेधावेसे वाटते. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. ती अठरा प्रवचने उतरवून घेण्याचे काम गुरुजींनी केले. ‘गीता प्रवचने’च्या इतिहासात याचा उल्लेख कृतज्ञतेने होतो; गुरुजींच्या लेखनाच्या इतिहासात तो जितका व्हावा तितका होत नाही. बोललेला शब्द बोलण्याची लय न मोडता कागदावर कसा आणावा, याचा सलग चार महिन्यांचा हा अभ्यासच होता. त्यानंतर आठ महिन्यांच्या आत, नाशिकच्या तुरुंगात, ९ फेब्रुवारी १९३३ रोजी ‘श्यामची आई’ लिहावयास प्रारंभ झाला आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे ती पूर्ण झाली. अवघे पाच दिवस! या वेगाचे कारण अनेकजण भावनेच्या उमाळ्यात शोधतात. माझ्या मते लिहिण्यापूर्वी हे पुस्तक अनेक वर्षे सांगितले गेलेले असावे. सांगून सांगून ज्या कथेचे कोपरे गुळगुळीत झाले आहेत, तीच इतक्या लवकर लिहून होते.

पुस्तक १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या रचनेविषयी समीक्षकांनी क्वचितच गांभीर्याने लिहिले आहे. प्रकरणांना ‘रात्र’ म्हटले आहे, याची नोंद सर्वजण घेतात आणि पुढे जातात. पण ही रात्र म्हणजे काय? आश्रमात प्रार्थना झाल्यावर मंडळी जमतात, श्याम आईची एक आठवण सांगतो, कोणी मध्ये काही विचारतो, आणि सारे झोपावयास जातात. दिवसाचे काम संपल्यावर, कोणतीही सक्ती नसताना, ऐकू इच्छिणाऱ्यांसाठी सांगितलेली ही कथा आहे. तिला हजेरीपट नाही. जगाच्या वाङ्मयात रात्रीच्या कथनाची चौकट जुनी आहे. ‘अरबी सुरस कथा’ तर सर्वांच्या परिचयाच्याच आहेत, आणि आपल्याकडे कीर्तनही रात्रीच रंगते. गुरुजींनी ही चौकट कोठून उसनी घेतली असे मात्र वाटत नाही. ती छात्रालयातील रात्र आहे. शाळेची वेळ संपल्यानंतर जी शाळा सुरू होते, तिची ही रचना होय.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. शिक्षकाने लिहिलेल्या या पुस्तकात कथन करणारा श्याम शिकविणाऱ्याच्या जागी नाही, तो शिकणाऱ्याच्या जागी आहे. आणि तोही फारसा चांगला विद्यार्थी नाही. ‘मुकी फुले’मध्ये इतर मुलांच्या आधी फुले मिळावीत म्हणून तो कळ्याच खुडून आणतो. ‘पत्रावळ’मध्ये पत्रावळ लावण्याचा कंटाळा करतो. ‘श्यामचे पोहणे’मध्ये भिऊन माळ्यावर लपून बसतो. ‘मोठा होण्यासाठी चोरी’ हे शीर्षक तर स्वतःच पुरेसे बोलके आहे. उपदेशपर बालकथेत वाईट मुलगा आणि चांगला मुलगा असे दोघे असतात, आणि सांगणारा नेहमी चांगल्याच्या बाजूला उभा असतो. येथे सांगणाराच अपराधी आहे. ऐकणाऱ्या मुलाला त्यामुळे कमीपणा वाटत नाही. बोध हा वरून खाली येत नाही, शेजारी बसलेल्या माणसाकडून येतो. शिक्षकाला हे सुचावे याचे आश्चर्य वाटते, कारण आपल्या पेशात चूक करण्याचा अधिकार आपण बहुधा विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवलेला असतो.

शिकविणारी व्यक्ती अर्थातच आई आहे. परंतु आईविषयीची आपली सार्वजनिक स्मृती पुस्तकापेक्षा चित्रपटाने अधिक घडविली आहे, असे मला वाटते. आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ १९५३ मध्ये आला. वनमाला यांनी आईची आणि माधव वझे यांनी श्यामची भूमिका केली. १९५४ मध्ये राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक या चित्रपटाला मिळाले. त्यानंतर ‘श्यामची आई’ म्हणजे डोळ्यांत पाणी, हे समीकरण पक्के झाले. पुस्तकातली आई रडते हे खरे, पण ती हातात शिंपटी घेऊन मुलाला विहिरीकडे हाकलतेही. ती नुसती वत्सल नाही. तिला एक पद्धती आहे. ती क्वचितच व्याख्या करते. पत्रावळ, विहीर, फुलझाड, भाजी अशी वस्तू समोर असते आणि त्या वस्तूच्या संदर्भातच बोलणे होते. ‘अळणी भाजी’मध्ये तर तिचीच चूक होते. भाजीत मीठ घालावयाचे राहते, वडील काही न बोलता जेवतात, आणि आई स्वतः जेवावयास बसते तेव्हा तिला कळते. या रात्री धडा वडिलांनी दिला आहे, तोही मौनाने, आणि शिकणाऱ्यांत आईही आहे. एकाच घरात शिक्षकाची जागा अशी फिरती ठेवणे, हे या पुस्तकाचे शैक्षणिक मर्म आहे.

येथे दोन समकालीनांची आठवण होते. गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’मधील शिक्षक चौथीचा वर्ग हाती घेतो तेव्हा पाठाऐवजी गोष्टीने प्रारंभ करतो. भावनगरची दक्षिणामूर्ती संस्थाही मुळात विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातूनच वाढली, हा योगायोग दुर्लक्षिण्याजोगा नाही. पोलंडमध्ये यानुश कोरचाक हे वैद्य वॉर्सा येथील अनाथगृह चालवीत. त्यांची ‘राजा मॅट पहिला’ ही बालकादंबरी १९२३ ची. १९२६ मध्ये त्यांनी मुलांनीच लिहिलेले वृत्तपत्र सुरू केले. अमळनेरचे हस्तलिखित आणि वॉर्साचे वृत्तपत्र यांना एकमेकांची वार्ता असण्याचे कारण नाही. परंतु मुलांसोबत रात्रंदिवस राहणाऱ्या माणसाचे लेखन आणि मुलांना ठरावीक तासांपुरते भेटणाऱ्या माणसाचे लेखन यांत जो फरक पडतो, तो दोन्हीकडे सारखाच दिसतो. एक भेदही नोंदवावयास हवा. कोरचाक मुलांच्या हाती लेखणी देतात. गुरुजींचे दैनिक मुख्यतः गुरुजींचेच राहिले. मुलांचे ऐकण्याची त्यांची तयारी अपार होती, पण अखेर बोलतात तेच.

गुरुजींच्या लेखनातील खरा दोषही येथेच सापडतो. ‘श्यामची आई’च्या अनेक रात्रींत प्रसंग संपल्यानंतर भाष्य सुरू होते. प्रसंगाने जे सांगून झाले आहे, ते पुन्हा सर्वसामान्य विधानांत मांडले जाते. देशाची स्थिती, धर्माचे मर्म, त्यागाचे महत्त्व असा विस्तार होतो. रात्रीचा शिक्षक उठून जातो आणि दिवसाचा येऊन उभा राहतो. ‘धडपडणारी मुले’सारख्या कादंबरीत तर हा दिवसाचा शिक्षक बराच काळ ठाण मांडून बसतो. ‘रडके वाङ्मय’ म्हणून जी टीका गुरुजींवर झाली, तिचा रोख मला चुकीच्या ठिकाणी वाटतो. अश्रूंमुळे हे लेखन दुबळे होत नाही. जेथे अश्रूंचे स्पष्टीकरण दिले जाते, तेथे ते दुबळे होते. उलट ज्यांना हे पुस्तक केवळ ‘संस्कारक्षम’ म्हणून प्रिय आहे, ते नेमका हाच दुबळा भाग उचलतात.

या दोन्ही पक्षांपेक्षा वेगळा प्रश्न मला माझ्या वर्गात भेटला. माझ्या प्रथम वर्षाच्या वर्गात रे रोड, दारूखाना, कॉटन ग्रीन या पट्ट्यातून येणारी मुले-मुली असतात. १९१० मध्ये कुर्ल्याहून निघालेली हार्बर मार्गाची गाडी जेथपर्यंत प्रथम आली, ते हे रे रोड. लाकडाच्या वखारी, भंगार लोखंड, जहाजे तोडण्याचे काम, गोदीच्या जमिनीवरील दाटीची वस्ती; घरात एक भाषा, गल्लीत दुसरी आणि शाळेत तिसरी. पालगडचे खोताचे घर, तुळशीवृंदावन, सोवळेओवळे यांपासून हे जग फार दूर आहे. तसे पाहिले तर कोकणातून बोटीने येणारा चाकरमानी येथून जवळच, भाऊच्या धक्क्यावर उतरत असे. पण श्यामच्या घरची संस्कृती त्याच्या वळकटीतून या वस्तीत आली असे म्हणता येत नाही. या मुलांना पुस्तक जुने वाटेल, अशी माझी अपेक्षा होती. कर्ज, जप्तीची भीती, सावकाराचा माणूस दारात येणे, आईने घरातली वस्तू विकणे हे त्यांना समजावून सांगावे लागले नाही. ‘देवाला सारी प्रिय’ या रात्रीशी मात्र ती अडली.

त्या रात्रीत एका वृद्ध महार स्त्रीची मोळी डोक्यावर चढवून देण्यास आई श्यामला सांगते, आणि नंतर घरी येऊन आंघोळ करावयासही सांगते. पिढ्यान्‌पिढ्या हा प्रसंग समतेचा धडा म्हणून शिकविला गेला. माझ्या वर्गातील प्रश्न साधा होता : प्रिय सारी असतील, तर आंघोळ कशासाठी? याला ‘तो काळच तसा होता’ हे उत्तर पुरेसे नाही. गुरुजींनी ही आंघोळ लपविलेली नाही, हे प्रथम मान्य करावयास हवे. संस्कारकथा लिहिणाऱ्या दुसऱ्या कोणी ती बहुधा गाळली असती. आईची करुणा जेथपर्यंत पोचली ती रेषा लेखकाने जशीच्या तशी ठेवली, आणि आपण स्वतः ती ओलांडून पुढे गेला. १ मे १९४७ रोजी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी सुरू केलेले उपोषण दहा दिवस चालले. आईच्या शिकवणीपुढे जाणारा हा मुलगा पुस्तकात नाही, चरित्रात आहे. शिकविताना दोन्ही एकत्र ठेवले, तर पुस्तक पूजेची वस्तू राहत नाही आणि निकालातही निघत नाही. तथापि त्या वृद्ध स्त्रीला काय वाटले, हे या कथेत आपल्याला कधीच कळत नाही. तिच्या बाजूची रात्र सांगावयास मराठीला दलित आत्मकथनांची वाट पाहावी लागली.

गुरुजींच्या लेखनाचा शेवटचा टप्पा मुंबईशी निगडित आहे. १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक मुंबईत सुरू झाले. त्यातून पुतणी सुधा हिला लिहिलेली पत्रे येत. तीच पुढे ‘सुंदर पत्रे’ म्हणून परिचित झाली. आकाश, पक्षी, झाडे, कवी, देशोदेशींच्या बातम्या असा त्यांचा ऐवज आहे. मला स्वतःला गुरुजींचे सर्वांत परिपक्व बालगद्य या पत्रांत दिसते. आश्रमातील श्रोतृवृंद येथे गळून पडला आहे. समोर एकच मुलगी आहे, आणि तिला सांगण्याचे निमित्त करून लेखक स्वतःच जगाकडे कुतूहलाने पाहतो आहे. भाष्याचा सोस कमी झाला आहे. ज्या मनाची उमेद सरत चालली होती, त्या मनाने इतके प्रसन्न गद्य लिहावे, ही गोष्ट अस्वस्थ करते. ११ जून १९५० रोजी मुंबईतच त्यांनी जीवनयात्रा संपविली. या पत्रांचा स्वतंत्र वाङ्मयीन अभ्यास व्हावयास हवा. ‘श्यामची आई’च्या सावलीत त्या बिचाऱ्यांना ऊन मिळालेले नाही.

‘यशस्वी बाललेखक’ हे विशेषण गुरुजींना लावताना जीभ थोडी अडखळते, तरी ते खोटे नाही. २०११ पासून त्यांचे लेखन स्वामित्वहक्कातून मुक्त झाले आणि ‘श्यामची आई’ अनेक प्रकाशकांनी, वाटेल त्या किमतीत व आकारात, बाजारात आणली. २०२३ मध्ये त्यावर नव्याने चित्रपटही आला. परंतु बहुसंख्य मुलांना हे पुस्तक प्रथम भेटते ते पाठ्यपुस्तकातील उताऱ्याच्या रूपाने. उतारा निवडताना साहजिकच आश्रम वगळला जातो. मध्येच प्रश्न विचारणारे मित्र जातात, प्रार्थनेनंतरची शांतता जाते, ‘रात्र’ हा शब्दही जातो. त्यांच्या जागी खाली स्वाध्याय येतात : एका वाक्यात उत्तरे लिहा, रिकाम्या जागा भरा, या पाठातून तुम्हांला कोणता बोध मिळाला. ज्या शिक्षकाने घंटेनंतरची वेळ मुलांसाठी मोकळी केली, त्याची कथा आपण पुन्हा पस्तीस मिनिटांच्या तासिकेत बसविली आहे. पाठ्यपुस्तक मंडळावर काम करणारे अनेक प्राध्यापक या नियतकालिकाचे वाचक आहेत. किमान एका इयत्तेत एक संपूर्ण रात्र, तिच्या आरंभीच्या व अखेरच्या संवादासह आणि एकही स्वाध्याय न जोडता छापून पाहावी, अशी सूचना त्यांच्यापुढे ठेवतो.